घोडागाडी नव्हे, घोड्याची गाडी

"बाबा, मावशीला या महिन्याच्या आत हलवायलाच हवं," असं मुलगी जेवताना म्हणाली, तेव्हा लिफ्टसाहेबांचा चेहरा क्षणभर उजळला. त्यांच्या बायकोची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची आणि न सांगता यायची. ती हलणार असती तर सामान बांधायला ते स्वतः दोरी घेऊन गेले असते. पण मुलगी बोलत होती ती दुसऱ्या मावशीबद्दल. ही मावशी घोडी होती.

रंगाने तांबूस, पोटाने ऐसपैस आणि स्वभावाने तिरसट. घोडेस्वारीच्या शाळेत तिने गावातल्या निम्म्या मुलांना पाठीवर घेतलं होतं आणि त्यांतल्या निम्म्यांना वाटेत खाली ठेवलं होतं. आपल्याला कुणीतरी बोलवायचं विसरलं आहे असा भाव तिच्या तोंडावर कायम असे, म्हणून मुलांनीच तिचं नाव मावशी पाडलं. लिफ्टसाहेबांची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती आणि सुटली की रोज तबेल्यात जायची. आता शाळा बंद होणार होती. जागा विकली गेली होती. तरुण घोडे भराभर खपले, मावशीला मात्र कुणी विचारेना. एकाने फोनवर विचारलं, पण त्याचा धंदा काय ते ऐकल्यावर मुलीने फोन ठेवून दिला आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

टेकडीपलीकडे मुलीच्या मामाचं कुरण होतं. "पाठवून दे, राहील," असं मामा म्हणाला होता. पाठवायची कशी, एवढाच प्रश्न होता. भाड्याने जनावरं नेणाऱ्याने मावशीचं नाव ऐकताच हात जोडले होते. मागच्या खेपेला तिने त्याच्या गाडीचं दार एका लाथेत गाडीपासून विभक्त केलं होतं.

"चालवत न्या," लिफ्टसाहेब म्हणाले.

"बाबा, तिचे गुडघे गेलेत. तुमच्यासारखे."

लिफ्टसाहेबांनी भात कालवायचं थांबवलं. मुलीने काही मागितलं नव्हतं. ती नुसती ताटाकडे बघत होती, आणि हेच त्यांना सहन होईना. काही मागितलं असतं तर रीतसर नाही म्हणता आलं असतं.

"आपणच एक गाडी घेऊ," ते म्हणाले. "जुनी. मावशीला पोचवू आणि गाडी विकून टाकू."

बायकोने डाव खाली ठेवला. "अहो, तुम्ही ज्यात ज्यात हात घालता..."

"पुढचं बोलू नकोस."

ती बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पुढचं बोलावं लागत नाही.

इथे लिफ्टसाहेबांच्या हाताबद्दल थोडं सांगायला हवं. ते सरकारी खात्यात लिफ्ट तपासनीस होते. स्वतः राहत होते ती इमारत लिफ्टविना होती, हा भाग वेगळा. सगळी हयात त्यांनी लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून आणि तळाच्या खड्ड्यात वाकून काढली होती, आणि त्यातून त्यांचा एकच सिद्धान्त तयार झाला होता: यंत्र बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे आणलेला नसतो. त्यामुळे कुठलीही वस्तू घ्यायची झाली की लोक किंमत विचारत, रंग विचारत, लिफ्टसाहेब विचारत, "हात कुठून घालायचा?" शिलाई मशीन घेतानाही त्यांनी हेच विचारलं होतं आणि दुकानातल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या इमारतीत बातमी झाली की लिफ्टसाहेब घोडागाडी घेताहेत. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच आडवे आले.

"घोडा बांधणार कुठे?"

"घोडागाडी नव्हे हो. घोड्याची गाडी. घोडा ओढतो ती नव्हे, घोड्याला ओढतात ती."

सेक्रेटरींनी विचार केला. "म्हणजे घोडा आत बसणार?"

"उभा राहणार."

"आणि ओढणार कोण?" असं म्हणून त्यांनी लिफ्टसाहेबांच्या खांद्यांकडे फार करुणेने पाहिलं.

ओढण्याचा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टने सोडवला. त्याच्याकडे जीप होती आणि दुपारचे पेशंट नव्हते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस परोपकारी होतो. "मी येतो बरोबर," तो म्हणाला. "जुना माल ओळखण्यात माझी जिंदगी गेली. वरून सगळं पांढरंशुभ्र असतं. आत बघायचं." आणि त्याने शर्टाच्या खिशातून लांब दांडीचा, नाण्याएवढा आरसा काढून दाखवला.

पहिली गाडी एका रायडिंग क्लबच्या माजी खजिनदारांची होती. गाडी म्हणजे जीपमागे जोडायचा बंद डबा. मागचं दार खाली पाडलं की त्याचाच उतार होतो आणि घोडा त्यावरून आत चढतो. बाहेरून अशी चकचकीत, की लिफ्टसाहेबांना तिच्यात स्वतःचं टक्कल स्पष्ट दिसलं आणि त्यांचं मत तिथेच किंचित कलुषित झालं.

"ही आतली रबरी चटई उचलता का?"

"कशाला?"

"खालच्या फळ्या बघायच्यात. मूत मुरून फळ्या कुजतात. घोडीचा पाय आरपार गेला तर?"

"अहो, चटई घालतातच मुळी फळ्या दिसू नयेत म्हणून," खजिनदार म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन खोकले.

तोवर डेंटिस्ट आरसा घेऊन गाडीखाली गेला होता. "मोठ्ठा आ," असं तो सवयीने म्हणाला. मग बराच वेळ नुसते "हं... हं..." असे आवाज आले. "उजवीकडचा खालचा, मागून दुसरा. मुळापर्यंत किडलंय. वरून नुसती टोपी बसवलीय. काढावं लागेल."

"काय काढावं लागेल?" खजिनदारांनी घाबरून विचारलं.

"इथून पाय," असं म्हणून लिफ्टसाहेबांनी तो काढता घेतला.

दुसरी गाडी स्वतःच्या इंजिनाची होती. मालक बोलका होता. "मेंटेनन्स? छे! लागतच नाही हिला."

"लागत नाही, की करता येत नाही?"

"एकच की हो ते."

लिफ्टसाहेबांनी मागच्या दिव्याचा बल्ब कसा बदलायचा ते विचारलं. मालकाने फार खुशीने सांगितलं. बल्बसाठी आतला पत्रा काढायचा. पत्र्यासाठी पाण्याची टाकी सोडवायची. टाकीचा नट खालून, तिथे स्टेपनी आहे. स्टेपनी काढायची तर गाडी वर उचलायला हवी, आणि उचलायचा जॅक स्टेपनीच्या वर ठेवलेला आहे.

"मग पंक्चर झाल्यावर काय करता?"

"झालंच नाही आजवर."

"पण झालं तर?"

"झालंच नाही ना पण!" मालक कळवळून म्हणाला. पंक्चर या विषयावर त्याची देवावर भिस्त होती आणि ती कुणी हलवू नये असं त्याला वाटत होतं.

तरीही लिफ्टसाहेबांनी खाली वाकून ब्रेकच्या तारेपर्यंत हात पोचतो का ते पाहिलं. हात पोचला नाही. परत आला तेव्हा त्याच्याबरोबर शर्टाची बाही आली नाही. घरी बायकोने दार उघडलं, एका बाहीकडे पाहिलं, दुसऱ्या बाहीच्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, "जमतंय वाटतं."

त्यानंतर इतक्या गाड्या पाहून झाल्या, की डेंटिस्टच्या पेशंटांनी दुसरा डेंटिस्ट पाहिला. मुलगी रोज संध्याकाळी विचारायची नाही, नुसती दाराशी चप्पल काढताना जरा थांबायची. लिफ्टसाहेब तेवढ्यात पेपर तोंडापुढे धरत. एकदा तर तो उलटा धरला होता. महिना उताराला लागला होता.

आणि मग घड्याळजी भेटले.

हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्याकडे पूर्वी एक घोडा होता, तो म्हातारा होऊन गेला. गाडी अंगणात उभी होती. रंग वाळलेल्या मोहरीचा, आकार कपाटाचा. लिफ्टसाहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि लगेच दुसरी मारली. गाडीला सगळीकडे दारं होती. चाकांवर दार, दिव्यांमागे दार, नाकाशी, जिथे जीप जोडतात तिथे, ब्रेकच्या तारेसाठी आतून एक भोक आणि बाहेरून एक दार. जमिनीच्या फळ्या हाताने फिरवायच्या नटांवर बसवलेल्या, चटईला बिजागऱ्या.

"हे... हे सगळं उघडतं?" लिफ्टसाहेबांनी विचारलं.

"सगळं," घड्याळजी म्हणाले. "जिथे बघता येत नाही तिथे मला झोप लागत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोयरीक जुळावी तसं काहीतरी झालं. मग ते दोघं एकेक दार उघडत आणि मिटत बसले, आणि डेंटिस्ट शेवटी जीपमध्ये झोपी गेला. तो उठला तेव्हा गाडी ठरली होती. निरोप घेताना घड्याळजींनी एकच सूचना केली, "वाटेत जरा सावकाश न्या." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आनंदाच्या भरात कुणी विचारलंही नाही.

का, ते पहिल्याच खड्ड्यात कळलं. जे सगळं उघडतं, ते सगळं उघडतं. चाकावरचं दार उघडलं, मग दिव्याचं, मग दुसऱ्या चाकावरचं, आणि बाजारातून जाताना ती गाडी पंख पसरून निघालेल्या कोंबडीसारखी दिसू लागली. "ओ काका, तुमचं मागचं उघडं आहे!" असं लोक ओरडत, आणि लिफ्टसाहेब दर वेळी आधी स्वतःची पँट चाचपून बघत. घरी पोचेपर्यंत त्यांच्या मांडीवर चार कड्या, एक बिजागरी आणि बरीचशी बेअब्रू जमा झाली होती.

अंगणात सेक्रेटरी उभेच होते. त्यांनी नियम सांगितला: वाहनतळावर एका बाजूला चारचाकी, दुसऱ्या बाजूला दुचाकी. मग त्यांनी वाकून गाडीची चाकं मोजली आणि त्यांचा चेहरा पडला.

"दोनच?"

"दोनच."

"म्हणजे ही दुचाकी झाली."

नियम म्हणजे नियम. गाडी दुचाकींच्या ओळीत लावण्यात आली. बाकीच्या सगळ्या स्कूटर चारचाकीत गेल्या, चारचाक्या रस्त्यावर गेल्या, आणि इमारतीतलं लिफ्टसाहेबांबद्दलचं प्रेम कुठे गेलं ते कळलं नाही.

गाडी नावावर करायला लिफ्टसाहेब वाहन कार्यालयात गेले. खिडकीमागचा कारकून भला माणूस होता, पण त्याच्यापुढचा कागद भला नव्हता.

"प्रवासी की माल?"

"घोडी."

"ते इथे नाही. प्रवासी की माल?"

"मग माल लिहा."

"माल असेल तर ताडपत्रीने पूर्ण झाकून, दोरीने आवळून न्यावा लागेल."

"अहो, ती श्वास कुठून घेणार?"

"मग प्रवासी करू. आसनं किती?"

"आसन नाही. ती उभी राहते."

"पूर्ण प्रवासभर?"

"घोडे उभेच राहतात."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मलाही रोज घरून इथपर्यंत उभ्यानेच यावं लागतं," तो खोल आवाजात म्हणाला. लिफ्टसाहेबांनी सहानुभूती म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्याने जे काम झालं ते नियमांनी झालं नसतं. कारकुनाने 'माल' लिहिलं, शेजारी बारीक अक्षरात 'जिवंत' लिहिलं, आणि त्याचे साहेब जेवून परत यायच्या आत शिक्का मारून टाकला.

मावशीला न्यायचा दिवस हा जागेचा शेवटचा दिवस होता. तबेला रिकामा झाला होता. नव्या मालकाचा मुकादम फाटकाशी साखळी घेऊन उभा होता. अंधार पडायच्या आत फाटक बंद करून निघायचं, उद्या यंत्रं येणार, असं त्याने दोनदा सांगून झालं होतं. मुलगी आली होती, डेंटिस्ट जीप घेऊन आला होता, आणि "मला काही बघायचं नाही" असं म्हणत बायकोही आली होती.

मावशीने गाडी पाहिली. उतारावर एक पाय ठेवला. फळी खडखडली. तिने पाय काढून घेतला आणि आपल्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बोलवा असा चेहरा केला.

मग सुरू झाले उपाय. मुलीने गाजर दाखवलं. मावशीने मान लांबवून गाजर घेतलं आणि मान परत नेली. डेंटिस्ट म्हणाला की पेशंटला मागून धरायचं असतं. तो मागे गेला, आणि तिचा कान मागे वळताच त्याहून लवकर पुढे आला. मुकादम म्हणाला, डोळे बांधा. डोळे बांधले, तर ती तिथेच आडवी व्हायला निघाली. बायकोने तिच्याशी बोलून पाहिलं. "अगं, इथे काय ठेवलंय आता? तिकडे गवत आहे, मोकळं आहे..." मावशीने ऐकून घेतलं. बायकोचं म्हणणं असं की तिला पटलंही होतं, पण तेवढ्यात डेंटिस्ट शिंकला.

दिवस कलायला लागला. मुलगी दोरी धरून उभी होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. ती लहानपणी अशीच रडायची, आवाज न करता. लिफ्टसाहेबांना ते पाहवेना.

"फळीचा आवाज नाही हा," ते जाहीरपणे म्हणाले. "नाकाशी ब्रेकची तार हलतेय, ती पत्र्यावर आपटते. मी बघतो." खरं तर त्यांना कुठेतरी तोंड लपवायचं होतं. ते पुढच्या लहान दारातून गाडीत शिरले. घोड्याच्या छातीपुढे जो आडवा दांडा असतो, त्याच्या पुढच्या चिंचोळ्या जागेत उकिडवे बसले आणि भोकात कोपरापर्यंत हात घातला. हात मजेत पोचला. तार सापडली, आवळली. आणि हात बाहेर येईना.

मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा आत कशाला तरी अडकला होता.

गावातल्या प्रत्येक लिफ्टच्या यंत्रखोलीत एक पाटी आहे: 'घड्याळ व अंगठी काढूनच काम करावे.' ती पाटी लावण्याचा आग्रह लिफ्टसाहेबांचा होता. हे आठवून त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ओरडायचं? बाहेर मुकादम होता. डेंटिस्ट होता. मुख्य म्हणजे बायको होती. ते ओरडले नाहीत. तपासणी फार बारकाईने चालली आहे असा चेहरा करून ते भोकाकडे तोंड करून बसून राहिले.

बाहेर सगळे दमले होते. डेंटिस्ट आणि बायको जीपच्या सावलीला जाऊन बसले. मुकादमही गप्प झाला. मुलगी एकटीच दोरी सैल सोडून उभी होती. कुणी ओढेना, कुणी ढकलेना, कुणी बोलेना. त्या शांततेत मावशीला आतून एका माणसाचा दमल्यासारखा श्वास ऐकू आला असावा. तिने मान आत घातली. एक पाय टाकला. फळी खडखडली, पण तार आपटली नाही. दुसरा पाय. मग तिसरा. मग सगळी मावशी आत आली, आणि लिफ्टसाहेबांच्या टकलावर गरम, ओलसर, गाजराच्या वासाचा एक उसासा पडला.

मुलीने हलकेच मागचं दार वर केलं. "बाबा," ती कुजबुजली, "हलू नका हं."

"मला हलताच येत नाहीये," लिफ्टसाहेब कुजबुजले.

पुढच्या दारातून आत डोकावून तिने सगळं पाहिलं. हात सोडवायचा तर बाहेरून नाकाचं दार उघडायला हवं, आणि ते उघडायचं तर जीप सोडून बाजूला घ्यायला हवी. जीप सोडली की मावशीच्या वजनाने गाडी मागे कलंडणार. मावशीला उतरवावं, तर ती पुन्हा चढेल याची कुणी हमी देईना. फाटकाशी साखळी वाजली.

"बाबा..." तिला पुढचं विचारवेना.

"चला," लिफ्टसाहेब म्हणाले. इतकं धीराचं वाक्य त्यांच्या तोंडून पूर्वी कधी निघालं नव्हतं, आणि ते ऐकायला तिथे मुलगी आणि घोडी एवढ्याच होत्या.

प्रवास सावकाश झाला. तरी चाकावरचं दार उघडलंच, दिव्याचं उघडलं, आणि बाजूच्या खिडकीची झडपही पडली. सिग्नलला एक स्कूटरवाला शेजारी थांबला. त्याला झडपेतून एक घोडी दिसली आणि तिच्या हनुवटीखाली एक सभ्य गृहस्थ दिसले. लिफ्टसाहेबांनी मोकळ्या हाताने नमस्कार केला. दुसरं काय करणार?

चढाला मावशी बिथरू लागली. तिचे खूर फळीवर वाजायला लागले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला. दांड्याच्या या बाजूला पळायला जागा नव्हती आणि पळायला हात मोकळा नव्हता. लिफ्टसाहेबांना गाणं येत नव्हतं. जनावरांशी काय बोलावं हेही त्यांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांना जे पाठ होतं ते त्यांनी म्हणायला सुरुवात केली. "उद्वाहनाची तार दर सहा महिन्यांनी तपासावी. तारेचा एकही पेड तुटलेला आढळल्यास उद्वाहन बंद ठेवावे. आतील व्यक्तीने घाबरून जाऊ नये. उद्वाहन अचानक थांबल्यास ते पडत नाही..." खालच्या, एकसुरी, सरकारी आवाजात ते म्हणत राहिले. मावशीचे कान पुढे आले. खूर थांबले. या नियमांनी आजवर अनेक माणसं झोपवली होती; घोडीवर ते प्रथमच चालले. आणि ते म्हणताना आपली स्वतःची भीतीही खाली उतरली, हे लिफ्टसाहेबांच्या लक्षात आलं ते टेकडी संपल्यावर.

कुरणात मामा आणि मामी वाट पाहत होते. मागचं दार पाडलं. समोर हिरवंगार गवत, संध्याकाळचं ऊन.

मावशीने मागे वळून पाहिलं आणि हनुवटी पुन्हा लिफ्टसाहेबांच्या डोक्यावर ठेवली.

"उतर ना गं," मुलगी म्हणाली. मावशी उतरेना. लिफ्टसाहेब आत आहेत तोवर मावशी बाहेर येणार नव्हती, आणि मावशी आत आहे तोवर जीप सोडता येत नव्हती, म्हणजे लिफ्टसाहेबही बाहेर येणार नव्हते. मामाने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावजी, चहा आतच पाठवू का?"

शेवटी डेंटिस्ट पुढे झाला. मामीची विणकामाची हुकाची सुई एका हातात, आरसा दुसऱ्या हातात. तो चिंचोळ्या जागेत कसाबसा शिरला आणि लिफ्टसाहेबांच्या कोपराशेजारच्या फटीतून आरसा आत सरकवला. "हं... दिसला पट्टा. थोडं दुखेल."

"दुखू दे."

"हलायचं नाही. तिलाही सांगा."

"उद्वाहन अचानक थांबल्यास..." लिफ्टसाहेबांनी सुरू केलं. आत कुठेतरी खट्ट झालं, घड्याळ खोल घरंगळत गेल्याचा आवाज आला, आणि हात सुटला. लहान दारातून ते बाहेर आले तेव्हा त्यांना कमरेत सरळ होता येईना. मुलीने त्यांच्या मनगटावरचा लाल वळ दोन्ही हातांनी चोळला. ती शाळेत जायची तेव्हा तिचं खरचटलेलं ते असंच चोळायचे.

मावशी मात्र आतच. गवत दाखवलं, पाणी दाखवलं. ती उतारावर येऊन चार घास खाऊन परत आत गेली. शेवटी ती पुन्हा घास खायला खाली उतरली तेवढ्यात गाडीखाली ओंडके लावून, जीप सोडून, मागचं दार तसंच उघडं ठेवून सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन: दिवसभर कुरणात चरते, ऊन उतरलं की आपल्या पायाने गाडीत जाऊन उभी राहते.

सेक्रेटरींनी स्कूटर परत आणल्या. आता घरचे सगळे दर रविवारी कुरणात जात. ठरल्याप्रमाणे लिफ्टसाहेबांनी गाडी विकण्याची जाहिरात दिली, आणि एका रविवारी गिऱ्हाईक सरळ कुरणातच आलं. नवरा-बायको होते, सज्जन होते. त्यांनी सगळी दारं उघडून पाहिली, हात घालून पाहिले, खूश झाले.

"छान ठेवलीय हो गाडी. रिकामी कधी करून द्याल?"

आतून मावशी बघत होती. कुंपणाशी मुलगी उभी होती, आणि काही म्हणायचं नाही असं ठरवून लांबच्या झाडाकडे बघत होती. लिफ्टसाहेबांनी घसा साफ केला. एका तपासनिसाला शोभेल असं एखादं तांत्रिक कारण ते शोधत होते. चासीचं, ब्रेकचं, कसलंही. पण ती गाडी इतकी निर्दोष होती, की एकही कारण मिळेना.

"रिकामी होणार नाही," ते म्हणाले. "माफ करा. तुम्हाला उगीच हेलपाटा पडला."

गिऱ्हाईक चहा घेऊन गेलं. मुलगी धावत आली आणि गाडीत जाऊन मावशीच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. लिफ्टसाहेब बायकोकडे बघायचं टाळत होते. गाडी विकायची, या अटीवरच तर तिने बाहीचं, बाजारातल्या शोभेचं आणि सेक्रेटरींच्या बायकोच्या अबोल्याचं सगळं पोटात घातलं होतं.

बायकोने पिशवीतून एक घडी काढली आणि झटकली. जाड कापडाचा पडदा होता. कडा शिवलेल्या, वर दोरीसाठी नेफा, अगदी गाडीच्या मागच्या दाराच्या रुंदीचा.

"तिकडचं टोक धरा जरा. माश्या येतात हो तिच्या तोंडावर."

लिफ्टसाहेबांनी टोक धरलं. पडदा बरोबर बसला, बोटभरही कमी-जास्त नाही.

"माप कधी घेतलंस?"

"मागच्या रविवारी," बायको गाठ मारता मारता म्हणाली. "तुम्ही इथेच जाहिरात लिहीत बसला होतात, तेव्हा."